क्यूएफएवर सेमिनार देण्याआधी

क्यूएफए म्हणजे क्वांटम फायनाइट ऑटोमॅटन: शब्द अक्षराअक्षराने वाचून तो स्वीकारायचा की नाही हे ठरवणारं, मोजक्या स्टेटचं क्वांटम यंत्र. त्याची मॅट्रिक्स युनिटरी (लांबी न बदलणारी, उलटवता येणारी) आहेत का, हे तपासणं वेगळं सांगायला नको. मॉडेलचं नाव मात्र पहिल्याच स्लाइडवर हवं. मूर-क्रचफील्डच्या ऑटोमॅटनमध्ये मापन एकदाच होतं, शब्द संपल्यावर. कोंडाक्स-वॉट्रसच्या (1997) एकमार्गी (हेड फक्त पुढे सरकणाऱ्या) मॉडेलमध्ये दर अक्षराला. एंडमार्कर, म्हणजे शब्दाच्या टोकाची खूण, लिहा.

आता अंतर. भाषेतल्या (म्हणजे स्वीकारायच्या शब्दांच्या संचातल्या) शब्दाची स्वीकृतीची संभाव्यता कमीत कमी किती, भाषेबाहेरच्याची जास्तीत जास्त किती, आणि या दोहोंत अंतर किती, हे आकडे आधी कागदावर मांडा. ‘ओळखतो’ हा शब्द त्यानंतर. उदाहरणार्थ, एकाच अक्षराचे शब्द, लांबी 11 च्या पटीत. डीएफएला (साध्या, निश्चित ऑटोमॅटनला) 11 स्टेट लागतात. क्यूएफएला दोन पुरतात, स्टेटचा सदिश दर अक्षराला 360/11 अंशांनी फिरवायचं. 11 अक्षरांनी बरोबर मूळ जागी येतो. पण 5 अक्षरांचा शब्द घ्या: कोन सुमारे 163.6 अंश, स्वीकृतीची संभाव्यता म्हणजे त्याच्या कोसाइनचा वर्ग, 0.92. म्हणजे चुकीचा शब्द 92 टक्के वेळा स्वीकारला जातो! अंतर 0.08. 11 ऐवजी 101 घेतलं की ते जेमतेम 0.001 उरतं. अंबाइनिस-फ्रायवाल्ड्सचा (1998) निकाल दोन स्टेटचा नाहीच: वेगवेगळ्या कोनांची फिरकी एकत्र वापरून, अंतर (11 किंवा 101 सारख्या) मूळसंख्येवर अवलंबून न ठेवता, तिच्या लॉगरिदमच्या प्रमाणात स्टेट. अंतर न सांगता ‘दोनच स्टेट’ म्हणू नका.

पुन्हा अंतरच. ‘अ’ला एका दिशेने, ‘ब’ला उलट, 180 गुणिले वर्गमूळ 2 अंशांनी फिरवलं, तर दोन्हींची संख्या समान असलेलेच शब्द नेमके मूळ जागी येतात. ही भाषा रेग्युलर (डीएफएला ओळखता येणारी) नाही, म्हणून हुरळून जाऊ नका. बाकीचे शब्द हवे तितके जवळ येतात, अंतर शून्याकडे जातं. मर्यादित त्रुटीची, म्हणजे अंतर एका ठरावीक आकड्याखाली न जाण्याची, अट घातली की एकदाच मापणारं मॉडेल फक्त ग्रुप भाषा (ज्यांच्या डीएफएत प्रत्येक अक्षर स्टेटची फक्त अदलाबदल करतं) ओळखतं. अंतर लिहिलंत ना?

मर्यादाही दाखवा: ‘अ’ने संपणारे अ-ब शब्द डीएफए दोन स्टेटमध्ये ओळखतो, कोंडाक्स-वॉट्रसचं एकमार्गी मॉडेल मर्यादित त्रुटीत ओळखूच शकत नाही, कारण युनिटरी पायरीत आधीचं पुसून टाकता येत नाही. सर्वसाधारण क्वांटम क्रियांना मुभा दिली, तर एकमार्गी मॉडेलला मर्यादित त्रुटीत रेग्युलर भाषा, कमी नाही जास्त नाही.

दुमार्गी (हेड मागेही जाऊ शकणारं) मॉडेल: आधी सगळे ‘अ’, मग तितकेच ‘ब’, हे रेषीय वेळेत, पण हेडच सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे एकाच वेळी अनेक जागी. अंबाइनिस-वॉट्रस (2002): हेड क्लासिकल, वेळ अपेक्षेने बहुपदी. पॅलिनड्रोम घातांकी वेळेत. प्रश्न आला तरच.