नवी बॅटरी घेण्याआधी मल्टिमीटर लावा

जुनी गाडी सकाळी सुरू होईना, सेल्फ मारला की नुसतं 'टक्' वाजतं, आणि बहुतेक जण थेट नवी बॅटरी आणतात. त्याआधी साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, डीसी 20 व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण चार्ज आहे, 12.2 च्या खाली म्हणजे निम्म्याहून कमी. चार्ज असूनही सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली कोसळला तर बॅटरी थकली. इंजिन सुरू असताना 13.8 ते 14.5 दिसायला हवं. साडेबारावरच अडकलं तर आधी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि त्याचा बेल्ट बघा, नाहीतर नवी बॅटरीही लवकरच बसेल.

सगळं ठीक, तरी सेल्फ मंद? अशा वेळी मला पहिला संशय अर्थिंगच्या वायरचा, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह बॉडी-इंजिनला जोडणाऱ्या वायरचा येतो. तिच्याकडे फार कमी लोक बघतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर वायर किंवा तिचा जोड गंजलाय. जोड सोडवून पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. मात्र निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा; पान्हा चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडणार नाही. हातातली अंगठी, कडं आधीच उतरवून ठेवा.