बासरीच्या बोटांनी आयरिश धून: टिन व्हिसल शिकताना

‘सेल्टिक संगीत आवडतं’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा चार वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालून ऐकत असतो: आयर्लंडच्या नाचाच्या धुना, स्कॉटलंडचे पाइप बँड, फ्रान्समधल्या ब्रिटनीची समूहगाणी आणि वर भरपूर एको टाकलेलं ध्यानाचं पार्श्वसंगीत. ऐकायला काहीच हरकत नाही. शिकायचं ठरवलं की मात्र एक प्रदेश आणि एक वाद्य धरावं लागतं. पुण्यात लष्कराच्या बँडमध्ये ऐकू येणारी बॅगपाइप स्कॉटिश. ती तोंडाने फुंकायची, मैदानात वाजवायची आणि तिला स्वर नऊच. आयर्लंडची इलन पाइप कोपराखालच्या भात्याने चालते, बसून वाजवतात आणि ती दोन सप्तकं फिरते. घराण्यांत असतो तेवढा तरी फरक दोन्हींत आहेच.

इथे आयर्लंडच्या नाचाच्या धुना आणि टिन व्हिसल, म्हणजे सहा भोकांची, उभी धरून फुंकायची धातूची छोटी नळी, धरून सांगितलं आहे. कारण साधं: वाद्य छोटं, स्वस्त, आणि ज्याला थोडीफार बासरी येते त्याची बोटं आधीच अर्धी तयार असतात. उरलेली अर्धी मोडून पुन्हा बसवावी लागतात, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

कोणती घ्यायची

डी पट्टीची घ्या. सेशनमध्ये, म्हणजे आयर्लंडमध्ये पबात किंवा घरी गोल बसून वाजवतात तिथे, बहुतेक धुना डी आणि जी या पट्ट्यांत असतात. शहरातल्या वाद्यांच्या दुकानांत बासऱ्यांचा ढीग असला तरी टिन व्हिसल मिळेलच असं नाही. बहुधा ऑनलाइन मागवावी लागते. जनरेशन, फेडोग, क्लार्क, डिक्सन ही जुनी-जाणती नावं. क्लार्कची मूळ पद्धतीची व्हिसल निमुळती असते आणि तिच्या तोंडात लाकडी ठोकळा असतो. तिला हवा जास्त लागते, शिवाय ठोकळा भिजवून चालत नाही. सुरुवातीला प्लॅस्टिकच्या तोंडाची बरी.

इथे बासरीवाल्यांची हमखास फसगत होते. आपल्याकडे बासरीची पट्टी वरची तीन भोकं बंद केल्यावर येणाऱ्या सा वरून ठरते. व्हिसलची पट्टी सहाही भोकं बंद केल्यावर येणाऱ्या स्वरावरून ठरते. म्हणजे डीची व्हिसल हाताला पांढरी पाचच्या बासरीसारखी लागते: तीन बंद केली की जी, सहा बंद केली की डी, म्हणजे मंद्र पंचम. पांढरी दोनची बासरी जवळ आहे म्हणून तीच काढून बसलात तर रेकॉर्डिंगशी बोटं जुळणार नाहीत. उलट पांढरी पाचची मध्यम बासरी घरात असेल तर आजच सुरुवात करा. आयरिश लाकडी बासरीचा खालचा स्वर तोच असतो.

नव्या जनरेशन किंवा फेडोगचं तोंड नळीला डिंकाने पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे सूर जुळवता येत नाही. तोंडाकडची बाजू मिनिटभर गरम पाण्यात धरा आणि हळूच पिळून सैल करा. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक वाकतं. खालच्या सप्तकातून वर जाताना आवाज फाटत असेल तर तोंडाच्या खालच्या बाजूची पोकळी भिंतीवर पोस्टर चिकटवायच्या मऊ पुट्टीने सपाट भरा. आवाज फुटतो ती खिडकी आणि तिची पात मात्र मोकळी राहिली पाहिजे.

बासरीची कोणती सवय ठेवायची, कोणती सोडायची

बासरीवर शुद्ध मध्यम पहिलं भोक अर्धं उघडून काढतात. व्हिसलची भोकं बारीक आणि धुनेचा वेग जास्त, त्यामुळे अर्धं भोक दर वेळी वेगळंच लागतं. इथे पहिलं भोक उघडं, दुसरं-तिसरं बंद, खालची तीन उघडी. सी नॅचरल मिळतो. सगळी उघडी ठेवली तर सी शार्प, म्हणजे जीला सा मानल्यास तीव्र मध्यम. हे एक बोट बदलायलाच सर्वांत जास्त दिवस लागतात.

फुंक बासरीच्या फुंकेपेक्षा बरीच हलकी. खालचा डी कापत वर उडत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा फुंक जास्त झालेली असते. उरलेल्या दहा वेळा तिसऱ्या किंवा सहाव्या बोटाखालून हवा सुटत असते. वरच्या सप्तकात मात्र भीत भीत फुंकू नका, स्वर अर्धवट राहतो.

मींड जवळजवळ पूर्ण बाजूला ठेवा. खालून सरकत स्वर घेणं आयरिश वादनात आहे, पण कधीमधी. कणस्वराची सवयही इथे आड येते, कारण त्यांची ‘कट’ नावाची क्रिया कणासारखी दिसते आणि तशी नसते. कणस्वराचा सूर ऐकू यावा लागतो. कटचा सूर ऐकू आला तर तो कट फसला. एकच स्वर दोनदा वाजवायचा असेल तर मध्ये जिभेचा ठोका न देता वरचं एक बोट क्षणभर उचलून लगेच टाकायचं, बस. खालच्या डीपासून जीपर्यंत बरेच जण त्यासाठी डाव्या हाताची अनामिका वापरतात, ए आणि बीसाठी तर्जनी. ‘टॅप’ त्याच्या उलट: खालच्या उघड्या भोकावर बोट आपटून लगेच उचलायचं. कट आणि टॅप मिळून ‘रोल’.

स्वरांच्या बाबतीत मूर्च्छना, म्हणजे त्याच स्वरांत सा बदलून घेणं, माहीत असणाऱ्याला मोठा फायदा आहे. डीच्या व्हिसलवर साधी बोटं ठेवून डीला सा मानलं तर बिलावल, ईला काफी, एला खमाज, बीला आसावरी हे थाट मिळतात. सी नॅचरल घेतला की तेच क्रमाने जी, ए, डी आणि ईवर येतात. बहुतेक धुना एवढ्यात बसतात. तानपुऱ्याचं अॅप लावायचं तर त्या धुनेच्या सा वर लावा, दर वेळी पांढरी दोनवर नको. पण थाटापुढे जाऊन राग शोधू नका. इथे वादी-संवादी नाही, आरोह-अवरोहाचा नियम नाही, आणि एकाच धुनेत दोन्ही निषाद सहज येऊन जातात.

एक ओळ, जवळून

‘द केश’ ही फार वाजवली जाणारी पारंपरिक जिग, म्हणजे सहाच्या ठेक्यातली नाचाची धून, आहे, जीमध्ये. जीला सा धरून पहिले चार बार (दोन उभ्या रेघांमधला तुकडा म्हणजे एक बार) असे:

सा सा सा, सा रे ग | रे रे रे, रे ग प | ध प प, सां प प | ध प ग, प ग रे

भूप वाटेल. पहिल्या भागाच्या शेवटी ‘रे सा नि सा’ येतं आणि भूप संपतो.

आता हे सरळ सहा-सहा मात्रांत वाजवलं तर शाळेच्या प्रार्थनेसारखं लागेल. जिगमध्ये बारला दोन ठोके, प्रत्येक ठोक्यात तीन स्वर, आणि हे तीन सारखे नसतात: पहिला किंचित लांब, दुसरा आखूड, तिसरा मधला. किती लांब ते कागदावर लिहिता येत नाही, ते ऐकूनच येतं. दादरा डोक्यात धरलात तर चौथ्या मात्रेवर खाली ऐकू यायला लागते आणि धून लंगडते. जिगला खाली नाही, दोन्ही ठोक्यांवर पाय पडतो.

सुरुवातीचे ‘सा सा सा’ म्हणजे एक रोल. पहिला सा साधा, दुसऱ्याच्या तोंडाशी डाव्या अनामिकेचा कट, तिसऱ्याच्या तोंडाशी उजव्या तर्जनीचा चौथ्या भोकावर टॅप. फुंक अखंड, जीभ फक्त पहिल्याला. ‘रे रे रे’ तसंच, पण कट डाव्या तर्जनीने आणि टॅप डाव्या अनामिकेने तिसऱ्या भोकावर. रोल घाईघाईत गुंडाळला जातो तो बहुतेक कट लवकर पडल्यामुळे. मेट्रोनोम लावून तिन्ही स्वर आधी समान अंतरावर बसवा, लांब-आखूडचा झोल नंतर आणा.

श्वास कुठे घ्यायचा? या धुनांत थांबा नसतो. नवखे लोक ओळीच्या शेवटी श्वास घेतात आणि पुढचा ठोका उशिरा पडतो. पद्धत अशी आहे की श्वासासाठी एक कमकुवत स्वर चक्क गाळायचा. तिसऱ्या बारमध्ये ‘ध प प’मधला दुसरा प सोडून द्या, तेवढ्यात श्वास घ्या, ‘सां’ वेळेवर. ठोक्यावरचा स्वर कधीही गाळायचा नाही. पुढच्या फेरीत दुसरीकडचा स्वर गाळा. तेवढाच बदलही होतो.

धुनेचे बहुधा दोन भाग असतात, प्रत्येक आठ बारचा, प्रत्येक दोनदा. असे बत्तीस बार झाले की एक फेरी. अशा दोन-तीन फेऱ्या, मग न थांबता दुसरी धून, मग तिसरी. बढत, तान, तिहाई यांना जागा नाही. जे काही तुमचं असेल ते कट, रोल, श्वास आणि एखाद-दुसऱ्या स्वराच्या फेरबदलात. आपल्याकडच्या वादकाला हे आधी कोंडल्यासारखं होतं. मॅट मॉलॉय यांची बासरी किंवा मेरी बर्गिन यांची व्हिसल, दोघंही आयरिश वादक, घेऊन एकाच धुनेच्या तीन फेऱ्या लागोपाठ ऐका आणि कुठे काय बदललं ते मोजा.

क्रम

नाचाच्या धुनांच्या प्रकारांत पहिली पोल्का, मग जिग, मग रील. पोल्का दोनच्या ठेक्यात असते, स्वर कमी. डीमधली ‘ईगन्स’ चांगली. त्यानंतर ‘द केश’. रील घ्यायची तर ‘कूलीज’, ई धरून काफीच्या स्वरांत. रीलच्या बारमध्ये आठ स्वर असतात म्हणून केरव्याचा ठेका सोबत चालतो, पण तबलजीला आधीच सांगून ठेवा की लग्गी लावायची नाही. नऊच्या स्लिप जिगला घाबरू नका, ती सरळ तीन-तीन-तीन आहे.

शिकायचं ते कानाने. स्वरलिपी भरपूर मिळते. शिकागोचे पोलीसप्रमुख झालेले फ्रान्सिस ओ’नील यांनी 1903मध्येच साडेअठराशे धुनांचा संग्रह छापला होता. पण लिपीत फक्त सांगाडा असतो. आधी धून तोंडाने म्हणा. आयर्लंडमध्ये यालाच लिल्टिंग म्हणतात, निरर्थक बोलांवर धून गाणं. तबल्याची पढंत केलेल्याला वेगळं काही शिकवावं लागत नाही. गळ्यावर बसली की व्हिसल हातात घ्या. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये साठ ते सत्तर टक्के वेगावर आणा, पट्टी न बदलता. दोन बार ऐका, वाजवा, पुढचे दोन. सेशनमध्ये जिगचे ठोके मिनिटाला एकशे दहा-वीसपर्यंत जातात. तुम्ही साठ-सत्तरवर महिनाभर राहिलात तरी चालेल. वेग आधी आणला की रोल कायमचे चुरगळतात.

संथ, ठेका नसलेल्या ‘स्लो एअर’ बासरीवाल्याला सर्वांत आधी ओढतात, कारण त्या आलापासारख्या वाटतात. त्या मागे ठेवा. बऱ्याच एअर म्हणजे आयरिश भाषेतली गाणी असतात. दम कुठे घ्यायचा, स्वर कुठे लांबवायचा हे शब्द ठरवतात. गाणं न ऐकता वाजवलेली एअर म्हणजे नुसता गोड आवाज.

पाऊस, शेजारी, टेकडी

जुलैत व्हिसलच्या वाऱ्याच्या वाटेत पाणी लवकर साचतं आणि आवाज घुसमटतो. वाजवण्याआधी तोंडाकडचा भाग हातात धरून गरम करा. साचलंच तर खिडकीवर बोट आडवं ठेवून एक जोरदार फुंक मारा. भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब पाण्यात मिसळून त्या वाटेतून एकदा फिरवला आणि वाळू दिला की थेंब धरत नाहीत. बोडरान, म्हणजे तिकडचा बकरीच्या कातड्याचा डफ, असेल तर पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं आणि एप्रिलमध्ये ताणून कडक होतं. पाना लावून ताण बदलता येणारा घ्या, आणि गाडीत उन्हात ठेवू नका.

वरचं सप्तक सोसायटीत भिंतीपलीकडे जातं. खिडकीच्या कडेला कागदी चिकटपट्टीचा पातळ तुकडा लावला की आवाज दबतो, सूर थोडा उतरतो. तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर सकाळी वाजवायला जागा मिळते, पण वारा थेट खिडकीवर आला की स्वर गायबच होतो. वाद्य बिघडलेलं नसतं. वाऱ्याकडे पाठ करा.

दुसऱ्याच्या घरात

चार जण जमून वाजवू लागलात तर सगळ्यांनी एकच धून एकत्र वाजवायची, हार्मनी नंतर बघू. गिटार एकच, बोडरान एकच. दोन बोडरान म्हणजे भांडण. ज्याने धून सुरू केली त्याचा वेग. येत नसेल ती धून ऐकायची, अंदाजाने सोबत फुंकत बसायचं नाही. हार्मोनियम चालते, पण भाता सारखा ठेवून, मागे नुसता सा-प धरून.

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात वाजवणार असाल तर निवेदकाला ‘सेल्टिक फ्यूजन’ एवढंच लिहून देऊ नका. धुनेचं नाव, प्रकार, प्रदेश आणि कोणाच्या वादनावरून उचलली ते लिहून द्या. आपला अभंग कोणी ‘इंडियन चँट’ म्हणून वाजवला तर आपल्याला काय वाटेल तेवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. सगळ्याच धुना पारंपरिक नसतात, हेही बघा. सेशनमध्ये रुळलेल्या कित्येक धुनांचे रचनाकार माहीत आहेत, काही हयातही आहेत. रेकॉर्डिंग अपलोड करण्याआधी नाव शोधून द्यायलाच हवं.

शिक्षक आयर्लंडमधला ऑनलाइन धरायचा तर घड्याळ बघा. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. त्यांचा संध्याकाळी सातचा वर्ग आपल्याला रात्री साडेअकरा किंवा साडेबाराला पडतो, तेव्हा शनिवारी सकाळची वेळ मागा. इंटरनेटवर दोघांनी एकत्र वाजवता येत नाही, आवाज उशिरा पोचतो. गुरुजी वाजवतील तेव्हा तुमचा माइक बंद, आणि वर्गाचं रेकॉर्डिंग ठेवायचं असेल तर आधी विचारून.