नवा राउटर घेताना आणि लावताना या चुका टाळा

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. हॉलमध्ये नेट पळतंय आणि आतल्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल तुटतोय. त्यावर उपायही सारखाच केला जातो: दुकानात जायचं आणि आधीपेक्षा जास्त अँटेनांचा राउटर उचलून आणायचा. ठाणे-नवी मुंबईच्या घरांत हा उपाय क्वचितच लागू पडतो, कारण दोष बहुधा भिंतीत असतो, तारेत असतो, किंवा एकाच घरात लावलेल्या दोन राउटरांच्या भांडणात असतो. पैसे मात्र प्रत्येक वेळी राउटरवरच खर्च होतात.

तारेवर न मोजताच खरेदी

नेट हळू वाटलं की आधी लॅपटॉपचं वायफाय बंद करा, लॅन केबल थेट नेटवाल्याने बसवलेल्या फायबरच्या बॉक्सला लावा आणि स्पीड टेस्ट घ्या. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास, म्हणजे सगळी बिल्डिंग ऑनलाइन असते तेव्हा. तारेवरच स्पीड कमी असेल तर नेटवाल्याला फोन करायचा, दुकानाकडे फिरकायचंही नाही. तारेवर पूर्ण स्पीड मिळत असेल तर दोष घरातला.

या चाचणीत एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: ९४. प्लॅन २०० एमबीपीएसचा असो की ५०० चा, काटा ९३-९५ च्या वर जात नाही. हा आकडा दिसला की वाटेत कुठेतरी जोडणी १०० वर अडकली आहे, हे नक्की समजा. कारणं बहुधा तीनच असतात.

पहिलं, राउटरचा पोर्टच १०/१०० आहे, म्हणजे १०० एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘एसी १२००’ छापलेलं असतं. तो १२०० म्हणजे वायफायच्या दोन लहरपट्ट्यांची, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची कागदावरची बेरीज. बाहेरून नेट आत येणारा पोर्ट १०० चाच असेल तर त्या बेरजेला काही अर्थ उरत नाही. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत १०/१००/१००० असं लिहिलेलं शोधा. ते नसेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

दुसरं, केबलच्या आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या, म्हणजे क्लिपमध्ये दाबून बसवलेल्या आहेत. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० ला, आठही लागतात. घाईत काम उरकणारा माणूस चार जोडतो, दिवा लागतो आणि तो निघून जातो. टोकाची पारदर्शक क्लिप मोबाइलच्या टॉर्चखाली धरा. खटका पलीकडच्या बाजूला, सोन्याच्या पिना वरच्या टोकाला आणि केबल खाली अशी धरली की डावीकडून क्रम असा दिसायला हवा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. एखादी तार पिनेपर्यंत पोचली नसेल तर टोक कापून नवीन क्लिप मारायची, दाबून-बिबून बघत बसायचं नाही.

तिसरं, केबल अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि वर तांब्याचा नुसता मुलामा आहे. ब्लेडने एक तार खरवडा. आत पांढुरकी निघाली तर ती केबल भिंतीतल्या पाइपात घालू नका. वाकवली की ती तुटते, आणि पुन्हा ओढायची म्हणजे अर्धा दिवस जातो. भिंतीत जाणारी केबल शुद्ध तांब्याची कॅट ६ च असावी.

राउटर दाराशी, चपलांच्या कपाटामागे

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमधल्या तीन बेडरूमच्या घराचं उदाहरण बघा. फायबर डक्टमधून मुख्य दाराशी आली, लाइनमनने बॉक्स तिथल्याच कोनाड्यात, मेन स्विचच्या लोखंडी डब्याखाली (डीबी) बसवला, आणि समोर चपलांचं कपाट आलं. हॉलमध्ये सिग्नल उणे ४८, पॅसेजमध्ये उणे ६७, शेवटच्या बेडरूममध्ये उणे ८४. हे आकडे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या मापात असतात, मोबाइलच्या कोणत्याही वायफाय अ‍ॅनलायझर अ‍ॅपमध्ये दिसतात. उणे ६५ पर्यंत काम छान चालतं, उणे ७५ च्या खाली कॉल अडखळतो, उणे ८४ ला काहीच धड चालत नाही.

त्या घरात आधी सहा अँटेनांचा राउटर आला. फरक पडला नाही. मग रिपीटर आला आणि तो थेट त्याच बेडरूममध्ये लागला, जिथे मुळात सिग्नलच पोचत नव्हता. जे मिळत नाही ते रिपीटर पुढे काय पाठवणार? शेवटी शनिवारी संध्याकाळी कोणीतरी टाचणीने फायबरच्या बॉक्सचं रिसेट बटण दहा सेकंद दाबून धरलं. आत नेटवाल्याने भरलेलं लॉगिन (पीपीपीओई युजरनेम, पासवर्ड) आणि लाइनचा व्हीलॅन क्रमांक, सगळं पुसलं गेलं. लाइनमन सोमवारी आला, तोवर घरात नेट नाही.

खरं कारण भिंतीत होतं. नव्या टॉवरांत बहुतेक ठिकाणी मायव्हान पद्धतीने बांधकाम होतं. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून खोल्यांच्या मधल्या भिंतीही सलग काँक्रीटच्या ओततात आणि त्यात सळ्यांची जाळी असते. विटांच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जेमतेम पलीकडे जातं. इथे अशा दोन भिंती ओलांडल्या की ते संपतं. अँटेना वाढवून उपयोग नाही, कारण बोलणं दोन्ही बाजूंनी व्हावं लागतं. राउटरचा आवाज बेडरूमपर्यंत पोचलाही, तरी मोबाइलच्या इवल्या अँटेनाला तेवढ्याच भिंतींतून उत्तर परत पाठवायचं असतं.

उपाय घरातच होता. बिल्डरने डीबीपासून प्रत्येक खोलीत टेलिफोनसाठी पाइप टाकलेला असतो. त्यातली जुनी टेलिफोनची तार बेडरूमच्या टोकाला सोडवली, तिला कॅट ६ केबल चिकटपट्टीने गच्च गुंडाळली आणि दाराकडून एकाने ओढली, बेडरूममधून दुसऱ्याने हळूहळू सरकवली. १८ मीटर केबल लागली. दुसऱ्या टोकाला त्यांचाच माळ्यावर टाकलेला जुना राउटर लावला. नव्या खरेदीची गरजच नव्हती.

पाइप चोंदला असेल तर केबल स्कर्टिंगच्या वरून केसिंग-पट्टीत न्या. दिसायला थोडी वाईट दिसते, चालते उत्तम. तेही शक्य नसेल तरच मेश, म्हणजे एकमेकांशी तारेविना बोलणारे दोन-तीन वायफाय डबे. मेशचा दुसरा डबा किंवा रिपीटर उणे ६० ते ६५ मिळतं तिथे, म्हणजे साधारण मधल्या पॅसेजमध्ये ठेवा. ऐरोली-कोपरखैरणेच्या रो-हाऊसमध्ये तो जिन्याच्या वळणावर ठेवला तर वरच्या मजल्यालाही पुरतो.

दोन राउटर, दोघेही मालक

फायबरचा बॉक्स बहुतेक वेळा स्वतःच राउटर असतो. त्याच्या मागे दुसरा राउटर लावला की दोघेही पत्ते वाटू लागतात. त्यातून दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर प्रिंटर सापडत नाही, कॅमेरा मध्येच गायब होतो, आणि सेटिंगचं पान उघडलं की कोणाचं उघडलं हेच कळत नाही.

दोन रस्ते आहेत. बॉक्स ब्रिज मोडमध्ये टाकायचा, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करायचं, आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरायचं. ते करण्याआधी नेटवाल्याकडून युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक लिहून घ्या. फोनवर ऐकून नाही, मेसेजवर. दुसरा रस्ता सोपा, आणि बहुतेक घरांसाठी मी तोच सुचवतो: आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवायचा, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, पत्ते वाटणार नाही. बऱ्याच जुन्या राउटरमध्ये तो मोड नसतो. मग बॉक्स १९२.१६८.१.१ वर असेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, आणि बॉक्सकडून येणारी केबल त्याच्या वॅनमध्ये (बाहेरून नेट आत येणाऱ्या पोर्टमध्ये) न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. क्रम हाच ठेवा. आधी केबल जोडून मग सेटिंग शोधणाऱ्यांचीच अर्धी संध्याकाळ वाया जाते. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, चॅनल मात्र वेगळं.

कॅमेरा बाहेरून बघता यावा म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग करत बसण्याआधी राउटरचा वॅन आयपी, म्हणजे बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुमचा पत्ता इतर ग्राहकांबरोबर वाटलेला आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग चालणारच नाही. स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मागा किंवा कॅमेऱ्याचंच अ‍ॅप वापरा.

बाकीच्या, थोडक्यात

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवू नका. २० ठेवा आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यांत मोकळं निवडा. टॉवरमध्ये शेजारच्यांची तीस-तीस नावं दिसतात, तिथे ३ किंवा ८ निवडणारा स्वतःचं आणि दोन्हीकडच्यांचं नेट बिघडवतो.

५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१. मधल्या ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारचा संकेत दिसला की राउटरला चॅनल सोडावंच लागतं, आणि नेट मध्येच गेल्यासारखं वाटतं.

स्मार्ट बल्ब किंवा प्लग जोडला जात नाही? बहुतेकांना फक्त २.४ लागतं आणि डब्ल्यूपीए२ ही सुरक्षा पद्धत लागते. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं असेल तर मिश्र मोड करा.

डब्ल्यूपीएस (बटण दाबून जोडणी) बंद. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग बदलणं) बंद. अ‍ॅडमिनचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा आणि चिठ्ठीवर लिहून ती राउटरच्या पोटाला चिकटवा. फर्मवेअर त्याच दिवशी अपडेट करा, अपडेट चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ बघून.

फायबरची पिवळी-पांढरी वायर कपाटामागे दाबून वळवू नका. बॉक्सवरचा एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल झाला की पहिल्यांदा तिचा तीव्र वाकलेला भाग शोधा. तिचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका.

मिनी यूपीएस घेताना अ‍ॅडॅप्टरवरचा आकडा वाचा. १२ व्होल्टचा राउटर ९ व्होल्टवर लावू नका, आणि अँपिअर अ‍ॅडॅप्टरवर लिहिले आहेत तितके किंवा जास्त हवेत. राउटर यूपीएसवर आणि फायबरचा बॉक्स साध्या प्लगवर, ही चूक तर जवळजवळ प्रत्येक घरात दिसते. वीज गेली की वायफाय दिसतं, नेट नसतं. दोन्ही यूपीएसवर हवेत.

काही जुन्या सोसायट्यांत अजूनही गच्चीवरच्या स्विचमधून तांब्याची लॅन केबल बाहेरून खाली येते. मे अखेरीला आणि ऑक्टोबरात विजा कडाडू लागल्या की ती केबल राउटरमधून काढून ठेवा. नुसता प्लग काढून भागत नाही, कारण झटका त्या केबलमधूनच वॅन पोर्टमध्ये येतो आणि पोर्ट कायमचा जातो.