जॅझच्या रेकॉर्डींचा नाद लागलाय? मग या चुका टाळा

जॅझ ऐकायला नव्यानं सुरुवात केलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. 'सगळं सारखंच वाटतं.' 'सुरुवातीची चाल बरी होती, पुढं काय वाजवत बसलेत कळेना.' 'एवढी महागाची रेकॉर्ड आणली आणि आवाज मोबाईलपेक्षा पातळ.' पहिल्या दोन तक्रारींचं खापर जॅझवर फुटतं, तिसरीचं दुकानदारावर. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. ऐकण्याआधी साठवण्याची घाई झालेली असते, किंवा एखादी वायर चुकीच्या भोकात असते.

यादी घेऊन खरेदीला निघणं

'ऐकायलाच हव्यात अशा शंभर रेकॉर्डी' छापाच्या याद्या ढीगभर मिळतात. त्यातली पहिली पंधरा नावं एकदम मागवली की कपाट भरतं आणि डोकं बधिर होतं. त्यात सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनची 'असेन्शन' आधी हाताला लागली तर विषयच संपला. १९६५ सालची ही रेकॉर्ड. अकरा वादक, चाळीस मिनिटांच्या आसपास सलग वाजवतात, आणि बराच वेळ सगळे एकाच वेळी. रेकॉर्ड थोर आहे, पण तिथवर पोचायला त्याच कोल्ट्रेनच्या आधीच्या सात-आठ वर्षांतून चालत यावं लागतं.

त्यापेक्षा एक माणूस धरा. शक्यतो पुढं उभा राहणारा नको, मागचा बरा. ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' बहुतेकांकडं असतेच. तिच्यावर बास, म्हणजे खर्जाचं मोठं उभं तंतुवाद्य, वाजवणारा पॉल चेंबर्स कोल्ट्रेनच्या १९५७ च्या 'ब्लू ट्रेन'वर आहे, आणि 'जायंट स्टेप्स'वरही आहे. 'जायंट स्टेप्स'मधली 'मिस्टर पी. सी.' ही रचना तर त्याच्याच नावाची. तीन रेकॉर्डी, तीन वेगळ्या तऱ्हा, खालचा हात एकच. 'सगळं सारखं' ही तक्रार इथंच मिटते. कव्हरच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरातली नावं वाचायची सवय लागली की पुढची रेकॉर्ड कोणती घ्यायची हे यादीला विचारावं लागत नाही.

घरातले 'हे काय परदेशी खूळ' म्हणाले तर त्यांना १९५१ चा 'अलबेला' ऐकवा. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट याला सोबत घेतलं होतं. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून तयार झालेला माणूस. आजोबांना ते पितळी आवाज चांगलेच ओळखीचे असतात, फक्त नाव माहीत नसतं.

समेची वाट बघत बसणं

कोल्हापूरच्या कानाची ही खास अडचण. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब गायले. देवल क्लब १८८३ पासून उभा आहे. शास्त्रीय न शिकलेला माणूससुद्धा इथं समेला मान हलवतो. तोच कान जॅझला लावला की माणूस पहिल्या मात्रेवर टाळी देतो आणि सगळं लंगडायला लागतं.

जॅझमध्ये ड्रमरच्या डाव्या पायाखाली झांजांची एक जोडी असते, हाय-हॅट म्हणतात तिला. ती चार मात्रांतल्या साधारणपणे दोन आणि चारवर मिटते: 'चिक'. टाळी तिथं द्या. एक आणि तीन मोकळे सोडा. दोन-चार दिवस हात ऐकणार नाही, मग आपोआप बसतो. हा एक बदल केला की डोलणं सुरू होतं, आणि बासचे पावलागणिक पडणारे स्वर खाली स्पष्ट दिसायला लागतात.

दुसरी गोष्ट आवर्तनाची. 'काइंड ऑफ ब्लू'वरचं 'सो व्हॉट' घ्या. सुरुवातीला बास एक वाक्य बोलतो आणि बाकीचे दोन ठोक्यांत उत्तर देतात, तो मुखडा. त्याची लांबी चार-चार मात्रांचे ३२ खंड. आठ-आठचे चार तुकडे, त्यातला पहिला, दुसरा आणि चौथा सारखा, तिसरा वेगळा. मुखडा संपला की चाल संपत नाही. तोच ३२ खंडांचा सांगाडा पुढं फिरत राहतो आणि त्याच्यावर एकेक जण बोलतो: माइल्स दोन आवर्तनं, कोल्ट्रेन दोन, दुसरा सॅक्सवाला कॅननबॉल ॲडर्ली दोन, पियानोवर बिल एव्हान्स एक. एक आवर्तन मिनिटाच्या आत संपतं. बोटांवर मोजा. 'पुढं काय वाजवत बसलेत' याचं उत्तर बोटांवरच मिळतं: तीच बंदिश वाजवत बसलेत.

'अहो, हा तर काफी!' म्हणून थांबणं

बैठकीत बसलेला माणूस 'सो व्हॉट' ऐकून हमखास हे म्हणतो, आणि त्याचं बरोबर असतं. ज्याला ते डोरियन म्हणतात ते स्वर आपल्या काफी थाटाचेच आहेत. पण ओळख पटली की ऐकणं संपतं, ही चूक. आता तिसरा तुकडा नीट ऐका. तिथं अख्खा काफी अर्ध्या स्वरानं वर सरकतो, षड्जासकट! आठ खंड तिथं थांबतो आणि परत मूळ जागी येतो. आपल्याकडं तंबोरा एकदा लावला की मैफल संपेपर्यंत 'सा' हलत नाही. इथं तो दर मिनिटाला हलतो. कोल्ट्रेन त्या वळणावर काय करतो आणि माइल्स काय करतो, एवढंच दोन दिवस ऐकलं तरी पुरे. राग ओळखण्याची आपली हौस इथं उपयोगी पडते, पण पहिल्या सोळा खंडांपुरतीच.

याच रेकॉर्डची आणखी एक गंमत, आणि हार्मोनियमवाल्यांची डोकेदुखी. २ मार्च १९५९ च्या ध्वनिमुद्रणावेळी मुख्य टेपयंत्र जरा हळू चाललं. त्यामुळं नेहमीच्या वेगाच्या यंत्रावरून उतरवलेली पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मूळ रेकॉर्डवर जरा जलद आणि चढी वाजतात. १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांत हे दुरुस्त झालं. जुन्या प्रतीच्या पहिल्या बाजूशी पेटी जुळत नसेल आणि दुसऱ्या बाजूशी जुळत असेल, तर टर्नटेबल उघडत बसू नका.

यंत्राला नको ते दोष देणं

दोन्ही बाजू चुकीच्या वेगानं वाजत असतील तर मात्र टर्नटेबल बघा. अमेरिकेतल्या भाच्यानं प्रेमानं आणलेलं जुनं मशीन असेल तर नुसता ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. साध्या एसी मोटरचं मशीन इथं एक-षष्ठांशानं हळू फिरतं आणि ट्रंपेट रडायला लागतो. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळते का ते पाहा. वेग तपासायची स्ट्रोब चकतीही ५० हर्ट्झचीच घ्या. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी तिच्यावर १८० रेघा असतात.

आवाज पातळ, बास गायब? बहुधा वायर ॲम्प्लिफायरच्या साध्या 'ऑक्स'मध्ये खुपसलेली आहे. रेकॉर्डची खाच कापताना खालचे स्वर मुद्दाम कमी आणि वरचे जास्त ठेवलेले असतात. ते परत जागेवर आणायला फोनो प्रीॲम्प लागतो. सतत 'घूंऽऽ' येत असेल तर टर्नटेबलमागची बारीक अर्थिंगची तार लोंबकळते आहे का बघा.

डावं-उजवं बरोबर आहे का, हेही 'काइंड ऑफ ब्लू'च सांगते. स्टिरिओ प्रतीत कोल्ट्रेन डावीकडं, कॅननबॉल उजवीकडं. उलटं ऐकू आलं तर वायरी उलट्या. त्या काळच्या स्टिरिओत वाद्यं अशी कडेला बसवायचे, तेव्हा एका बाजूला नुसता सॅक्स ऐकून 'स्पीकर गेला' म्हणत मेकॅनिककडं धावू नका.

सुई घसरते म्हणून टोनआर्मवर, म्हणजे सुईच्या दांड्यावर, रुपयाचं नाणं ठेवायचा सल्ला आजही मिळतो. रुपया तीन ग्रॅमच्या वर भरतो, आणि चांगल्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या तुकड्याला) एकूण वजन लागतं दोन ग्रॅमच्या आसपास. नाणं ठेवाल तर खाच खरवडून निघेल. सुईवरची धूळ काढा, पाटी समतल आहे का पाहा, वजन छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. आणि आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी एलपीच्या सुईवर लावू नका. त्यांची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. त्या लाखेच्या असतात, म्हणून त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोलचा बोळा कधीच नाही. लाख विरघळते.

जून ते सप्टेंबर

इथल्या पावसात कव्हरांना बुरशी धरते, त्यातही भिंतीला टेकलेल्या कपाटात. कपाट चार बोटं पुढं ओढा. रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. कागदी आतलं पाकीट बदलून प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं घ्या. बाहेरचं प्लॅस्टिक कव्हर तोंडाशी चिकटवून बंद करू नका, आत ओल कोंडते. पंचगंगेकाठच्या सखल भागात राहात असाल तर खालचा कप्पा रिकामा ठेवा. २००५, २०१९ आणि २०२१ आठवत असेलच. रेकॉर्ड भिजलीच तर प्लॅस्टिकची तबकडी सहसा वाचते, कव्हर वाचत नाही. दोन्ही लगेच वेगळी करा, तबकडी डिस्टिल्ड वॉटरनं खाचेच्या दिशेनं पुसा आणि सावलीत उभी वाळवा. उन्हात ठेवाल तर पापड होईल.

वजनाला भुलणं

'घ्या की ओ साहेब, १८० ग्रॅम हाय, एकच नंबर माल.' वजनानं तबकडी जरा कमी वाकते, इतकंच. आवाज ठरतो तो कोणत्या टेपवरून आणि कुणी कापली यावर. ब्लू नोट कंपनीची जुनी रेकॉर्ड हाताला लागली तर लेबलभोवतीचा गुळगुळीत पट्टा उजेडात तिरका धरा. तिथं 'आर.व्ही.जी.' किंवा 'व्हॅन गेल्डर' अशी इंग्रजी अक्षरं उठलेली दिसली तर ती नावाजलेला ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यानं कापलेली. मग कव्हर फाटकं असलं तरी घ्या.

काम करता करता ऐकणं

स्वयंपाक करताना जॅझ लावायला काहीच हरकत नाही. पण ज्या रेकॉर्डसाठी पैसे मोजलेत, तिची निदान एक बाजू मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून ऐका. वीस मिनिटांच्या आसपासचं काम आहे. पहिल्यांदा नुसता बास, दुसऱ्यांदा नुसते ड्रम्स, एकल वादनाकडं मुद्दाम दुर्लक्ष करून.

बिल एव्हान्सच्या त्रिकुटाची 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' यासाठी उत्तम. २५ जून १९६१, न्यूयॉर्कमधला तळघरातला क्लब. किणकिण आणि कुजबुज ऐकून काहीजण रेकॉर्ड धुवायला काढतात. ती धूळ नव्हे, तिथल्या टेबलांवरचे ग्लास आणि गप्पा आहेत. उजेड कमी करून फक्त स्कॉट लफॅरोचा बास धरा. तो ठेका देत नाही, पियानोशी बरोबरीनं वाद घालतो, मध्येच वाक्य तोडतो. पहिली आणि शेवटची रचना त्याचीच. ध्वनिमुद्रणानंतर अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला, पंचविशीत. त्या टेबलांवरच्या मंडळींना अर्थातच यातलं काही ठाऊक नव्हतं. एका मंद जागी तर एक बाई इतक्या मोठ्यानं हसते, की आपणच तिला गप्प करावं असं वाटतं.