मराठी वेबपान लिहिताय? आधी कोडची पहिली ओळ बघा

संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या वेब डिझाइनच्या क्लासमधून बाहेर पडणाऱ्यांना हेडर, नेव्ह, मेन हे पानाच्या भागांचे टॅग कुठे वापरायचे ते माहीत असतं, हे मी धरून चालतो. मुलाखतीत घडाघडा सांगतातही. कामाला बसलं की मात्र सगळं डिव्हमध्ये, म्हणजे काहीच अर्थ न सांगणाऱ्या नुसत्या डब्यात! ते असो, ती सवय सुटते. मला ज्यानं छळलं ते वेगळंच होतं.

कोड लिहायच्या एडिटरमध्ये उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबला की पानाचा सांगाडा तयार मिळतो. त्यात एचटीएमएल टॅगवर लँग (पानाची भाषा) 'ईएन', म्हणजे इंग्रजी, असं आधीच लिहिलेलं असतं. खाली आपण सोयाबीनचे भाव मराठीत मांडतो आणि वरची ओळ सांगत राहते, पान इंग्रजी आहे. बघणाऱ्याला काही कळत नाही. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मात्र त्या ओळीवरून वाचायची भाषा ठरवतो. इंग्रजी आवाजापुढे देवनागरी आली की कुठे शब्द गळतात, कुठे नुसतीच बडबड ऐकू येते.

आणि पान तपासून गुण देणारं गूगलचं लाइटहाउस? ते १०० गुण देऊन मोकळं. लँग लिहिलंय का आणि कोड वैध आहे का, एवढंच ते बघतं. 'ईएन' वैधच आहे की! मजकूर कोणत्या भाषेत आहे, हे ते तपासत नाही. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यात पानाची भाषा सांगण्याची अट ३.१.१ क्रमांकाची, 'ए' म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीची. पूर्ण गुण मिळूनही आपण पहिल्याच पायरीवर नापास असू शकतो. म्हणून गुणांचे स्क्रीनशॉट मिरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

लँगमध्ये मराठीचा कोड 'एमआर' लिहा. लिपी एकच म्हणून हिंदीचा 'एचआय' टाकून भागवू नका. 'चार' आणि 'चारा' यांतल्या च-मधला फरक हिंदी आवाजाला कुठून कळणार? काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श सुद्धा 'एमआर' लिहिलं तरच दिसतात. मधे इंग्रजी परिच्छेद आला तर तेवढ्यालाच वेगळं लँग द्या.

बाकीचं पटकन सांगतो. दाबायच्या गोष्टीला बटन टॅगच वापरा. प्लेसहोल्डर, म्हणजे रकान्यातली फिकट सूचना, म्हणजे लेबल नव्हे. भावाच्या तक्त्यात टीएच (शीर्षकाचा टॅग) आणि स्कोप (ते शीर्षक ओळीचं की स्तंभाचं) द्या, नाहीतर ऐकणाऱ्याला ४५०० हा किमान भाव की कमाल, कळायचं नाही. एरिया (एआरआयए, स्क्रीन रीडरसाठी जादा माहिती देणारे गुणधर्म) साध्या टॅगनं भागत नसेल तेव्हाच वापरा.

एखादा सीनियर म्हणेल, "कोण बघायलंय ते?" त्याला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. सरकारी काम असेल तर जीआयजीडब्ल्यू, म्हणजे सरकारी वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं, दाखवा. तरी ऐकला नाही तर वाद घालू नका, गुपचूप नीट लिहा. क्लासची फी भरण्याआधी सरांना एवढं विचारा, की स्वतःचं पान कधी कानानं ऐकलंय का? उत्तर टाळलं तर पैसे वाचवा.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नका. मराठी वाचन कुठे अडखळलं, हे आपल्या कानाला लगेच कळतं. एनव्हीडीए फुकट आहे, त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठीही आहे. मॉनिटर बंद करा, एच दाबत मथळ्यांवरून फिरा, मग टॅबनं अर्ज भरून बघा.

साइट वर्डप्रेसवर असेल तर सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी केली की लँग आपोआप बदलतं. थीमवाल्यानं हेडर फाइलमध्ये 'ईएन' हातानं लिहून ठेवलं असेल तर नाही. तेव्हा पानाचा सोर्स उघडून खात्री करा.