बोर्ड दोनदा काढायचा असेल तर आधी काय ठरवून ठेवाल?

घरच्या पोकरमध्ये ऑल-इन झाल्यावर (सगळ्या चिप्स पणाला लागल्यावर) बोर्डाचे, म्हणजे टेबलावरच्या समाईक पाच पत्त्यांतले, उरलेले पत्ते दोनदा काढून पॉट (जमलेल्या चिप्स) दोन बोर्डांत अर्धा-अर्धा वाटायचा असेल, तर नियम पहिला हात वाटण्याआधीच ठरलेला हवा. पॉट मोठा झाला आणि पत्ते उघडे पडले की ज्याला त्याला आपल्या सोयीचा नियम आठवतो. म्हणून तीन ओळी कागदावर लिहून सगळ्यांना दाखवा. पॉटमधल्या प्रत्येकाचा होकार नसेल तर बोर्ड एकदाच. पुढचा पत्ता निघण्याआधी डीलरने ‘एकदा का दोनदा?’ असं मोठ्याने विचारायचं. एकदा दिलेला शब्द फिरवायचा नाही.

नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नका, कारण दोनदा काढल्याने कुणाचाच वाटा वाढत नाही. टर्ननंतर, म्हणजे बोर्डाच्या चौथ्या पत्त्यानंतर, दोघे ऑल-इन आहेत, पॉट 4,400 चा आहे आणि एकाला फ्लशसाठी (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांसाठी) 9 पत्ते चालतात असं धरा. दोघांचे 4 आणि बोर्डावरचे 4 सोडले की न दिसलेले पत्ते उरतात 44. एकदाच काढलं तर तो 44 पैकी 9 वेळा, म्हणजे साधारण 20.5 टक्के वेळा जिंकेल. सरासरी वाटा 900. दोनदा काढलं तर दोन्ही बोर्ड त्याचे होण्याची शक्यता 3.8 टक्के, एकच होण्याची 33.3 टक्के आणि एकही न होण्याची 62.9 टक्के. सरासरी वाटा तोच 900, फक्त चढउतार कमी. पहिल्या वेळी निघालेले पत्ते परत कॅटमध्ये घालून पिसायचे नाहीत, हेही सांगून ठेवा.

मग पत्त्यांचा हिशेब करा. फ्लॉपच्या (बोर्डाच्या पहिल्या तीन पत्त्यांच्या) आधीच ऑल-इन झालं तर एका बोर्डाला 5 पत्ते आणि 3 बर्न (न उघडता बाजूला टाकलेले पत्ते), असे 8 लागतात. होल्डेममध्ये (प्रत्येकाला दोन पत्ते) नऊ जणांचे 18 पत्ते गेले तरी चार बोर्ड निघतात: 18 आणि 32, एकूण 50. चार पत्त्यांच्या ओमाहात मात्र नऊ जणांना 36 वाटले की दोन बोर्डांतच 52 संपतात, तिसरा निघतच नाही. फोल्ड झालेले (डाव सोडलेल्यांचे) पत्ते पुन्हा वापरायचे नसतात, त्यामुळे हिशेब वाटलेल्या हातांवर करायचा, उरलेल्या खेळाडूंवर नाही. आमच्या मते घरी दोन बोर्ड पुरे. तिसऱ्याने खेळ रेंगाळतो आणि चिप्स वाटताना गोंधळ वाढतो.

सहा जणांना 300 चिप्सचा संच पुरतो. प्रत्येकाला 5 च्या 20, 25 च्या 12 आणि 100 च्या 6 दिल्या की 1,000 होतात. 5 च्या चिप्समध्ये कंजुषी करू नका, पॉट अर्धा करताना त्याच लागतात. 1,415 चा पॉट असेल तर पहिल्या बोर्डावर 710 आणि दुसऱ्यावर 705. न विभागली जाणारी चिप नेहमी पहिल्या बोर्डाकडे. तिघे ऑल-इन असतील आणि एकाकडे 300, बाकी दोघांकडे हजार-हजार असतील, तर मुख्य पॉट 900 चा आणि साइड पॉट (फक्त त्या दोघांचा) 1,400 चा. पत्ते काढण्याआधीच 450, 450, 700, 700 असे चार ढीग वेगळे लावा. नंतर लावायला गेलात तर भांडण ठरलेलं.

काढण्याची पद्धतही एकच ठेवा. फ्लॉप झालेला असेल तर ते तीन पत्ते दोन्ही बोर्डांना समाईक. बर्न, टर्न, बर्न, रिव्हर (पाचवा पत्ता) असा पहिला बोर्ड वरच्या ओळीत पूर्ण करा, मगच दुसरा खालच्या ओळीत. दोन्ही टर्न आधी आणि रिव्हर नंतर असं केलं की कोणता पत्ता कोणत्या बोर्डाचा यावर वाद होतो. पहिला बोर्ड हरलेला खेळाडू वैतागून आपले पत्ते कॅटमध्ये मिसळतो आणि दुसऱ्या बोर्डाचा हक्क घालवून बसतो. दोन्ही निकाल लागेपर्यंत हात टेबलावर उघडेच ठेवायला सांगा.

खोलीचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये लातूर-नांदेडकडे कूलरशिवाय बसवत नाही, पण त्याचा झोत टेबलावर आला की बोर्डाचे पत्ते उडतात आणि ओलीने कागदी पत्ते फुगून चिकटतात. दोन पत्ते चिकटून एकत्र निघाले की बोर्ड बिघडलाच. पूर्ण प्लास्टिकचे, पाठीचा रंग वेगळा असलेले दोन कॅट घ्या आणि कूलरचं तोंड वळवा. चहा, भजी बाजूच्या तिपाईवर. लाइट जाणार हे धरूनच चार्ज केलेला दिवा हाताशी ठेवा. मध्येच अंधार झाला तर डीलरने कॅट खाली ठेवून हात वर घ्यावा.

यजमानाने पॉटमधून वाटा किंवा बसण्याचे पैसे घेऊ नयेत. 1887 च्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्यात नफ्यासाठी जुगाराचं साहित्य ठेवलेलं घर जुगारघर धरलं जातं. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर देशातल्या न्यायालयांचंही एकमत नाही. त्यामुळे चिप्सचे गुण वहीत मांडून खेळणं सगळ्यात निर्धास्त.

दोन बोर्डांच्या प्रत्येक हातानंतर पत्ते मोजायला एकजण नेमा. एरवी तीन बर्न असतात, इथे सहापर्यंत जातात, आणि एखादा चादरीच्या घडीत राहतो. 52 भरल्याशिवाय पुढचा हात वाटू नका.