पहाटेच्या एसटीने सोनोग्राफीला निघताना

गावाहून यवतमाळ, सेवाग्राम नाहीतर नागपूरला सोनोग्राफीसाठी जायचं असेल तर आदल्या दिवशीच विचारून घ्या: उपाशीपोटी यायचं की लघवी रोखून? यकृत, पित्ताशय पाहायचं असेल तर सहसा 6 ते 8 तास काही खायचं नसतं. बसस्टँडवर तर्री-पोहे आणि दुधाचा चहा घेतला की पित्ताशय आकसतं, खडे नीट दिसत नाहीत आणि अख्खी फेरी वाया जाते. साधं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र नको. (तो तसाही नकोच, पण ते असो.) गर्भाशय किंवा प्रोस्टेटसाठी उलट, पाणी पिऊन मूत्राशय भरलेलं लागतं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी राहण्याआधी डॉक्टरांशी बोला.

सीटी स्कॅनमध्ये शिरेतून औषध देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी नीट चालते का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट बहुधा मागतात. तो गावाजवळच काढून न्या. आधी अशा इंजेक्शनने अंगावर पुरळ उठलं असेल तर लपवू नका. दिवस गेल्याची शंका असेल तर एक्स-रे, सीटीआधी सांगायलाच हवं.

एमआरआयला क्ष-किरण नसतात, पण चुंबक जबर असतं. जोडवी, मंगळसूत्र घरीच ठेवा. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेली धातूची पट्टी, क्लिप असेल तर नंबर लावतानाच सांगा.

आणि जुन्या फिल्म सोबत घ्या. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे जुनं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.